पावसाळा सरला की सिमेंटच्या ‘लाकडी’ बाकाची साल सुटते: निदान आणि दुरुस्ती

तक्रार ठरलेली असते. ओंडक्याच्या आकाराचा सिमेंटचा बाक मार्चमध्ये झकास दिसतो. चार महिने पाऊस खातो. दिवाळीच्या साफसफाईत खराटा लागला की तळहाताएवढी सालीची खपली सुटून खाली पडते. कारागीर येतो, थोडा माल थापतो, रंगाचा हात मारतो. पुढच्या दिवाळीला तीच खपली, शेजारच्या दोन-तीन इंचांना सोबत घेऊन, पुन्हा खाली. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून नवी मुंबईतल्या पामबीचच्या बंगल्यांपर्यंत हे चक्र सारखंच चालतं.

शिव्या पावसाला बसतात. पण साल सुटते ती बाक घडवताना, बहुधा पहिल्या चोवीस तासांत. पावसाचं पाणी त्या सुटलेल्या फटीत शिरतं, आणि मग ते आपल्याला दिसतं. त्यामुळे वरून माल थापण्याआधी ती फट कशामुळे पडली हे ठरवायला हवं. कारणं वेगवेगळी आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी वाजवून बघा

स्टीलच्या डावाच्या दांड्यानं किंवा जाड नाण्यानं बाकावर दर दोन इंचांवर टकटक करत जा. चांगल्या जागी टणक, आखूड आवाज येतो. सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो, मडकं तडकल्यासारखा. बद्द भागाची हद्द खडूनं आखा. डोळ्यांना दिसणाऱ्या खपलीपेक्षा ही हद्द बहुतेक वेळा दुप्पट-तिप्पट निघते. दरवर्षीची डागडुजी ‘शेजारच्या दोन इंचांसह’ पडते ती याचमुळे: ते दोन इंच आधीच सुटलेले असतात.

आता एक खपली अलगद काढा, उलटी करा आणि उन्हात तिरकी धरून बघा.

मागची बाजू गुळगुळीत, करडी, तिच्यावर गाभ्याच्या, म्हणजे सालीखालच्या मूळ सिमेंटच्या ओंडक्याच्या, करणीचे पट्टे उलटे उमटलेले, नखानं घासलं तरी काही निघत नाही: इथे साल कधी चिकटलेलीच नव्हती.

मागे पांढरट भुकटी, बोटाला लागते: गाभ्यावर सिमेंटचं दूध तरंगून सुकलेलं होतं किंवा धूळ होती, किंवा कोरड्या गाभ्यानं सालीच्या मालातलं पाणी पिऊन टाकलं.

गाभ्याचा अर्धा इंच तुकडा सालीला चिकटूनच आला: साल पक्की आहे, गाभाच कच्चा आहे. मातकट रेती, जास्त पाणी किंवा पाणी न मारणं.

तपकिरी डाग, सळईची सरळ रेघ किंवा जाळीचे चौकोन उमटलेले: गंज. हे प्रकरण वेगळं, खाली येतं.

तुकडा खडूसारखा मऊ, फुगलेला, चिमटीत चुरणारा: मालात पीओपी मिसळलेलं आहे. गणपतीच्या कारखान्यात हात बसलेले काही कारागीर माल लवकर धरावा म्हणून सिमेंटमध्ये मूठभर पीओपी टाकतात. घरात ठेवायच्या वस्तूत ते खपून जातं. बागेत ओलावा मिळाला की पीओपीतलं सल्फेट सिमेंटशी संयोग पावत राहतं, त्यातून तयार होणारे स्फटिक फुगतात आणि माल आतून फोडतात. याला दुरुस्ती नाही. पीओपीचा सगळा थर गाभ्यापर्यंत काढावा लागतो.

आणि नुसतं कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक भेगांचं नक्षीकाम असेल, आवाज टणक येत असेल, तर त्याला हात लावू नका. वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटल्यामुळे ते झालेलं असतं. दिसायला वाईट, पण सालीच्या नक्षीत लपतं.

साल का धरत नाही

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे दोन माणसांच्या कामातलं अंतर. गाभा गवंडी भरतो. हाताला सवय असते म्हणून तो गुळगुळीत फिनिश करून देतो. सालीचं काम करणारा आठवड्यानं उगवतो. तोवर गाभा कडक, कोरडा आणि धुळीनं माखलेला. त्यावर बादलीभर पाणी ओतून लगेच माल थापला जातो. म्हणजे कोरडेपणाही गेला नाही आणि वर पाण्याचा पापुद्रा उभा राहिला. गाभा हवा तो आतून ओला, वरून बिनचकाकीचा: रात्री भिजवून गोणपाट टाकून ठेवला, सकाळी रंग गडद आहे पण बोट फिरवलं तर पाणी लागत नाही, अशा अवस्थेत.

दुसरं कारण कोरीवकामाची वेळ. साल कोरायची ती माल धरू लागल्यावर, पण कडक होण्याआधी. बोटाचा ठसा टिकतो आणि बोटाला सिमेंट लागत नाही, हा तो क्षण. डिसेंबर-जानेवारीत तो साधारण दोन-तीन तासांनी येतो. मे महिन्याच्या दुपारी पाऊण तासातच येऊन निघून जातो. माल कडक झाल्यावर छिन्नी-हातोडी घेऊन बसलं की वरची नक्षी रेखीव उठते आणि खालची पकड प्रत्येक ठोक्याला थोडी थोडी सुटते. बाक तयार होतो तेव्हाच तो बद्द वाजत असतो, पण त्या दिवशी कोणी वाजवून बघत नाही.

तिसरं, चरांची खोली. सालीतली भेग खरी वाटावी म्हणून ती थेट गाभ्यापर्यंत खोदली जाते. मग पावसाचं पाणी थेट सांध्यात. चर सालीच्या जाडीच्या अर्ध्यापर्यंत, फार तर दोन-तृतीयांश. १२ मिलिमीटर साल असेल तर चर ८ च्या पुढे नको.

इथे झाडाची निवडही कामाला येते. सागाची साल पातळ, उभ्या उथळ भेगांची. जुन्या हॅकसॉ ब्लेडनं आणि वायर ब्रशनं १० मिलिमीटर मालातही छान निघते. आंब्याची खडबडीत, खोल फुटलेली साल काढायची तर निदान २० मिलिमीटर माल हवा, आणि तोही दोन थरांत. गिऱ्हाईक साग मागतं आणि कारागिराच्या हाताला आंबा बसलेला असतो. मग सागाच्या जाडीत आंब्याचे चर पडतात आणि पुढची कथा दिवाळीत.

चौथं, पांढरा लाकडाचा गोंद. मालात किंवा गाभ्यावर ‘पकड येण्यासाठी’ तो फासलेला आढळतो. हा गोंद पाण्यात पुन्हा मऊ होतो. बागेत, ठाण्याच्या पावसात, तो लावणं म्हणजे साल सुटायची सोयच. बाहेरच्या कामाला एसबीआर लॅटेक्स, म्हणजे मालात मिसळायचं दुधासारखं कृत्रिम रबर, लागतं.

सुटलेल्या सालीची दुरुस्ती

खडूनं आखलेल्या हद्दीच्या बाहेर एक इंचापर्यंतची साल काढून टाका. कडा ग्राइंडरनं सरळ उभ्या कापा, निदान १० मिलिमीटर खोल. कडा निमुळती ठेवून माल शून्यावर आणला तर तो पातळ काठ पहिल्या उन्हाळ्यात उचलला जातो. सरळ कापाची रेघ दिसू नये म्हणून काप सालीच्या एखाद्या चरातून न्या.

उघड्या गाभ्याला टोकदार छिन्नीनं टाचे मारा: अर्धा इंच अंतरावर, ३ ते ५ मिलिमीटर खोल. हलक्या हातानं, नाहीतर शेजारची चांगली साल हलेल. वायर ब्रश, मग ब्लोअर किंवा पंप, मग पाणी. रात्रभर ओलं गोणपाट.

सकाळी पकडीची स्लरी: एक किलो लॅटेक्स, एक किलो पाणी, तीन किलो सिमेंट. डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. ताठ केसांच्या ब्रशनं टाच्यांच्या खड्ड्यांत घासून भरा. आता घाई हवी. स्लरी चिकट आहे तोवर, एप्रिलमध्ये पंधरा-वीस मिनिटांत, माल बसला पाहिजे. म्हणून माल आधी कालवून ठेवा आणि स्लरी मागून लावा. फोन आला, चहा आला आणि स्लरी सुकली, तर तिच्यावर माल धरत नाही. सुकलेला पापुद्रा उलट दोघांना वेगळं ठेवतो. खरवडून पुन्हा लावा.

एक चौरस मीटरला सरासरी १२ मिलिमीटर जाडीच्या सालीसाठी, थोडी नासाडी धरून:

सिमेंट ७ किलो
धुतलेली क्रश सँड (दगड चुरून केलेली रेती) १७.५ किलो, २.३६ मिलिमीटर चाळणीतून गाळलेली
एसबीआर लॅटेक्स ७०० ग्रॅम ते १ किलो
पॉलिप्रोपिलीनचे ६ मिलिमीटर तंतू १५ ते २० ग्रॅम
पाणी २ लिटरपासून सुरू करा, २.४ च्या वर जाऊ नका

अंदाज यावा म्हणून: चार फूट लांब, चौदा इंच व्यासाच्या ओंडक्याला, दोन्ही टोकं धरून, दीड चौरस मीटरच्या थोडं वर क्षेत्र भरतं. रेती घमेल्यानं मोजू नका, वजन करा. ओलसर रेती फुगते आणि घमेलं भरूनही रेती कमीच पडते. क्रश सँड न धुता घेतली तर तिच्यातली दगडाची पूड पाणी मागते, आणि वाढवलेलं पाणी पुढे भेगा होऊन बाहेर येतं. काचेच्या बरणीत रेती आणि पाणी हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या आठ टक्क्यांहून जाड दिसला तर धुवा.

माल वरून खाली न थापता खालून वर दाबत न्या. १५ मिलिमीटरच्या वर जाडी हवी असेल तर पहिला थर खिळ्यांच्या फणीनं ओरखडून दुसऱ्या दिवशी दुसरा द्या. एकाच दमात इंचभर थापलेला उभा थर स्वतःच्या वजनानं मिलिमीटरभर घसरतो. वरच्या कडेला केसासारखी आडवी चीर दिसली की समजा, तो घसरलाय. लगेच काढा, वरून घोटून ती चीर बुजवण्यात अर्थ नाही.

पाणी मारण्याची गल्लत इथे नेहमी होते. लॅटेक्स घातलेल्या मालाला दोन दिवस ओलं गोणपाट आणि वर प्लॅस्टिक, बस्स. नंतर सावलीत सुकू द्या. लॅटेक्सचा पापुद्रा सुकतानाच बनतो. लॅटेक्स नसलेल्या गाभ्याला मात्र साध्या ओपीसी सिमेंटमध्ये निदान ७ दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीमध्ये १० दिवस, आणि आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात अनुक्रमे १० आणि १४ दिवस ओलावा हवा. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, हेच आकडे आहेत. ‘सकाळ-संध्याकाळ पाइप मारतो’ याला पाणी मारणं म्हणत नाहीत. मधले आठ तास माल कोरडाच असतो.

गंजाची साल

गंजाची भेग सरळ धावते, सळईच्या वरून, आणि तिच्या कडेला चहासारखा ओघळ असतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा घेतो, त्यामुळे तो आतून सालीला ढकलत राहतो. वरून कितीही चांगला माल लावा, तो उचलला जाणारच.

गंज तीन ठिकाणी आधी येतो. पहिली जागा पायांचे तळ. सांगाडा वेल्डिंग करताना तो स्वतःच्या सळयांवर उभा असतो. तसाच उभा ठेवून माल भरला की सळईची टोकं थेट फरशीला टेकलेली राहतात. त्यांच्यावर सिमेंटचं आवरण शून्य. ओलावा तिथून वर चढतो आणि दोन-तीन वर्षांत पाय उभा चिरतो. नवं काम करताना सांगाड्याखाली वीस-पंचवीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) सरकवले की हा प्रश्न मिटतो. खर्च जवळपास काहीच नाही.

दुसरी जागा वडाच्या पारंब्या, वेली, बारीक फांद्या. इंचभर जाड पारंबीत ६ मिलिमीटरची सळई घातली तर भोवती जेमतेम साडेनऊ मिलिमीटर माल उरतो, तोही चर कोरण्याआधी. हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढं अंतर थोड्याच वर्षांत पार करतो आणि सळईला गंजापासून राखणारा सिमेंटचा क्षारधर्म संपवतो. पारंब्यांना स्टेनलेस स्टीलची तार वापरा. खाडीच्या वाऱ्यात ३१६ ग्रेड. जाड ओंडक्यातल्या सळईला निदान २० मिलिमीटर आवरण ठेवा आणि ते चराच्या तळापासून मोजा, सालीच्या माथ्यापासून नव्हे.

तिसरी जागा कुठेही असू शकते, आणि ती सर्वांत वाईट: मालातच मीठ. खाडीची रेती न धुता वापरलेली असते, किंवा बोअरिंगचं मचूळ पाणी. नवी मुंबईत नळाला येणारं मोरबे धरणाचं पाणी या कामाला उत्तम. पण वाशी, सानपाडा, नेरूळच्या खाडीकडच्या सोसायट्यांत बागेचा नळ बहुतेक वेळा बोअरिंगच्या लाइनवर असतो. माल कालवायला पिण्याचं पाणी आणलं आणि दहा दिवस क्युअरिंग मात्र बागेच्या पाइपनं केलं, असंही होतं. रेतीची शंका असेल तर ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून, निथळ पाण्यात नायट्रिक ॲसिडचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाका. दह्यासारखा पांढरा साका बसला तर रेती खारट. हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटनं बोटं काळी पडतात.

दुरुस्ती करताना गंजलेल्या सळईभोवतीचा माल तिच्या मागेही २० मिलिमीटर जाईल असा काढा. नुसता पुढून उघडून भरला तर मागचा गंज चालूच राहतो. दोन्ही बाजूंना सळई स्वच्छ दिसेपर्यंत उघडत जा, आणि त्यापुढे अजून दोन इंच. वायर ब्रशनं चकचकीत करा. सळई चतुर्थांशाहून जास्त खाल्ली गेली असेल तर शेजारी नवा तुकडा बांधा. तुकड्याच्या मापाची सळई कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळून जाते. त्याच दिवशी झिंक प्रायमरचे दोन हात द्या, कारण इथल्या हवेत रात्रीतून पुन्हा लाली चढते. मग स्लरी आणि माल, वर सांगितल्याप्रमाणे.

पण मालात मीठ असेल तर डागडुजीत पैसे घालू नका. भरलेली जागा चांगली राहते आणि तिच्या अगदी कडेला, जुन्या खारट मालात, गंज आधीपेक्षा जोरात सुरू होतो. नव्या आणि जुन्या मालातल्या सळईच्या तुकड्यांमध्ये बॅटरीसारखं नातं तयार होतं. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ओघळ दिसत असतील आणि चाचणी खारट निघाली, तर बाक तोडून नवा करणं स्वस्त पडतं. गिऱ्हाइकाला हे सांगणं अवघड असतं, पण चौथ्या दिवाळीला सांगण्यापेक्षा सोपं.

नीट केलेलं काम टिकतं याबद्दल शंका नको. तारेच्या सांगाड्यावर सिमेंट चढवण्याचं पेटंट फ्रान्समधल्या जोसेफ मोनिएनं १८६७ मध्ये घेतलं ते बागेतल्या कुंड्या-टाक्यांसाठीच. आजच्या आरसीसीच्या खानदानात एक पूर्वज कुंडी आहे. अमेरिकेत सॅन अँटोनियोला दिओनिसिओ रॉड्रिगेझ या मेक्सिकन कारागिरानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेली सिमेंटची ‘लाकडी’ कामं अजून वापरात आहेत. रंगाची कृती मात्र त्यानं कोणाला कळू दिली नाही.

रंग, पॉलिश, धुणं

रंगात फार गूढ नाही. आयर्न ऑक्साइडचे पिवळा, लाल, काळा हे तीन डबे पुरतात. मालात घालायचे तर सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत. काजळी घालू नका, पावसात धुपून ओघळते. दुरुस्तीचा तुकडा ओला असताना जुन्या सालीशी रंग जुळवलात तर सुकल्यावर तो फिका पडेल. बाजूला नमुन्याची वडी करून चार दिवस सुकवून मगच ठरवा.

चकचकीत लॅकर किंवा व्हार्निश हे सालीच्या तक्रारींचं आणखी एक मूळ. वरून पाणी अडतं, पण पायांतून आणि बुडाखालून चढलेलं पाणी आत कोंडतं. पापुद्रा दुधाळ होतो आणि उचलताना रंगही घेऊन जातो. श्वास घेऊ देणारा सिलेन-सिलॉक्सेन सीलर लावा, माल २८ दिवसांचा आणि पूर्ण कोरडा झाल्यावर. पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे राहायचे थांबले की पुन्हा.

गाठींच्या आणि ढोलींच्या खळग्यांत पाणी साचतं आणि शेवाळ तिथून पसरतं. खळग्याच्या तळाला बाहेरच्या बाजूनं ८ मिलिमीटरचं उताराचं भोक ठेवा. आणि हाउसकीपिंगवाल्यांना स्पष्ट सांगा: शेवाळावर संडासचं ॲसिड नाही, ब्लीचही नाही. ॲसिड सालीची नक्षी खातं आणि दोन्ही मागे क्लोराइड सोडतात, म्हणजे खाडीचं मीठ आपल्याच हातानं. ताठ ब्रश आणि नळाचं पाणी पुरतं. प्रेशर वॉशर चालतो, पण हातभर लांबून.

दुरुस्ती एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकली तर पाऊस सुरू होण्याआधी माल पिकायला आणि सीलर लावायला वेळ मिळतो. त्यापेक्षा उशीर झाला असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. तोवर बद्द वाजणारी साल काढून टाका, उघडी सळई घासून प्रायमर मारा, आणि जागा तशीच उघडी ठेवा. ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो. बाक मात्र मातीवरून उचलून पायांखाली कडाप्प्याचे तुकडे सरकवा.